लोखंडाचे तीन डबे

मी मातीची भांडी घडवते त्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर तीन डबे असतात. एकात तांबडं ऑक्साइड, एकात काळं, एकात पिवळं. तिन्हींच्या पोटात लोखंडच. शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यातच विचारतात, "ताई, काळा कप हवा असेल तर यातलं काळं घालायचं का?" सोळा वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं. तेव्हा हातात आलेल्या वहीत ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, कृतीखाली नुसतं "आयर्न ऑक्साइड 10" असं लिहिलेलं होतं. कुठलं, ते लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. त्या एका न लिहिलेल्या शब्दामागे मी इतकी वर्षं हिंडते आहे, आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

मुलींना मी तोंडी उत्तर देत नाही. एकदा भाजलेली, ग्लेझ न लावलेली पांढरी टाइल पुढे ठेवते आणि तीन दगड देते. पहिला दगड माझ्या भावाने गोव्यातून, डिचोलीकडून आणलेला. पोलादासारखा राखाडी, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड. हा हेमटाइट. तो टाइलवर ओढला की राखाडी रेघ उमटेल असं सगळ्यांना वाटतं. उमटते ती तांबडी, सुकलेल्या रक्ताच्या रंगाची. ग्रीक लोकांनी त्याला रक्तावरून नाव दिलं ते याच रेघेमुळे. दुसरा दगडही काळपट राखाडीच, पण त्याची रेघ काळी येते आणि शिवणाची सुई त्याला जाऊन चिकटते. तो मॅग्नेटाइट. तिसरा म्हणजे कोकणातल्या जांभ्याचा टवका. त्याच्या एका भोकात पिवळट साय धरली आहे, तिची रेघ मोहरीच्या फेसासारखी पिवळी.

तीन रेघा शेजारीशेजारी आल्या की मुली गप्प होतात. तीच टाइल मग मी भट्टीत ठेवते. दुसऱ्या दिवशी ती बाहेर येते तेव्हा तिच्यावर तीन तांबड्या रेघा असतात. छटेत किंचित फरक, बाकी सारख्या. काळ्या डब्याचं काय करायचं, याचं निम्मं उत्तर त्यांना तिथे मिळतं.

काळं ऑक्साइड काळं असतं ते त्यात ऑक्सिजन थोडा कमी असतो म्हणून. पोत्यावर पुष्कळदा फेरस ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन सगळ्यांत कमी असलेलं, म्हणून छापलेलं असतं, पण आत बहुतेक वेळा मॅग्नेटाइटच असतं. खरं फेरस ऑक्साइड साध्या तापमानाला टिकत नाही, ते जास्त उष्णतेतच सुखाने राहतं. मॅग्नेटाइट म्हणजे अर्धवट वाटेवर थांबलेलं लोखंड: काही अणूंनी ऑक्सिजन पुरता घेतलेला, काहींनी कमी. मोकळ्या हवेच्या भट्टीत ते तापलं की राहिलेला ऑक्सिजन घेतं आणि तांबडं होतं. पिवळ्यात लोखंडाबरोबर पाणी बांधलेलं असतं. ओलं दिसणारं पाणी नव्हे, कणाकणात गुंतलेलं. ते बघायला भट्टीही लागत नाही. पूर्वी भिंती रंगवायला पिवडी वापरत, तिच्यातला पिवळेपणा याच लोखंडाचा. चमचाभर पिवडी जुन्या लोखंडी तव्यावर घालायची, आच मोठी ठेवायची आणि उलथन्याने हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही. मग तव्याच्या मध्यावर, जिथे ज्योत लागते तिथे, पिवळ्यात एक नारिंगी ठिपका उमटतो. तो पसरतो, विटकरी होतो, आणि उलथनं फिरेल तिकडे तांबडं पसरत जातं. मी हे शंभरदा केलं असेल. दर वेळी तो पहिला ठिपका येताना मी श्वास रोखून बघते. (तो तवा नंतर पोळीला वापरायचा नाही.)

आता हिशेब. भट्टीत सगळं एकाच लोखंडाशी येऊन थांबणार असेल तर प्रश्न फक्त वजनाचा राहतो. 10 ग्रॅम तांबड्यात जेवढं लोखंड, तेवढं काळ्याच्या 9.7 ग्रॅममध्ये असतं आणि शुद्ध पिवळ्याच्या 11.1 ग्रॅममध्ये. एवढाच फरक. पिवळ्याच्या वजनात दहा टक्के पाणी आहे, ते उडून जाणार, म्हणून ते थोडं जास्त घ्यायचं. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला वाटलं, संपलं, तीन डब्यांची गरजच नाही.

पडताळा घ्यायला मी ग्लेझचा साध्यात साधा पाया घेतला. इंग्लंडमध्ये काम केलेले कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने तो जगभर ओळखला जातो: फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड 40, सिलिका म्हणजे गारेची पूड 30, व्हायटिंग म्हणजे खडूची पूड 20, चायना क्ले ही पांढरी माती 10. चार-तीन-दोन-एक, पाढ्यासारखा लक्षात राहणारा. त्याच्या तीन वाट्या केल्या, तिन्हींत तीन प्रकारचं लोखंड हिशेबाने तोलून घातलं, आणि गॅसच्या भट्टीत, ऑक्सिजन तोडून, कोन 10 पर्यंत नेलं. कोन हे आम्हा कुंभारांचं आच मोजायचं माप, 10 म्हणजे साधारण 1285 ते 1300 अंश. तिन्ही टाइली काळ्या आल्या. जाड थर तिथे गुळगुळीत, खोल काळा. कडेला, थर पातळ तिथे, गंजाची तपकिरी. कुठली कुठल्या वाटीची ते मागे लिहिलेल्या खुणा बघितल्याशिवाय मला सांगता आलं नाही. वितळलेल्या ग्लेझमध्ये लोखंड विरघळून गेलं होतं आणि आपण तांबडे होतो की पिवळे हे त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

पण त्याच वाट्या विजेच्या भट्टीत, थोड्या कमी आचेला लावल्या, तेव्हा काळ्याची टाइल ओळखू आली. तिच्यावर बारीक गडद ठिपके होते, राळ्याचे दाणे विखरावेत तसे. मी घेतलेलं काळं ऑक्साइड जाडं दळलेलं होतं. त्याचा मोठा कण पूर्ण विरघळत नाही, जागेवरच वितळून डाग होऊन बसतो. तांबडं याच्या अगदी उलट. ते इतकं बारीक असतं की चिमूट उघडली तरी आठवडाभर टॉवेलावर, नळावर, दाराच्या कडीवर त्याचे ठसे सापडतात. बारीक असल्यामुळे त्याच्या गुठळ्या होतात. पाण्यात घातलं की वर कोरडं तरंगतं, आतल्या गाठी सुटत नाहीत आणि मग ग्लेझमध्ये तांबड्या रेघोट्या येतात. शंभर मेशच्या, म्हणजे फार बारीक, चाळणीतून दोनदा गाळल्याशिवाय मी ते वापरत नाही. कारखान्यात केलेल्या पिवळ्याचे कण तर सुईसारखे लांबट. ते पाणी धरून ठेवतात आणि बादलीतलं ग्लेझ ताकासारखं असेल तर दह्यासारखं करून टाकतात. भांडं बुडवल्यावर थर जाड बसतो, आणि थर जाड बसला की रंगही बदलतो. हिशेबात सारखी असलेली तीन लोखंडं हाताला सारखी नाहीत.

कृतीच्या वहीत जे लिहिलेलं नसतं ते इथून सुरू होतं. लोखंड भट्टीत आपलं मूळ रूप सोडतं. त्याच्याबरोबर डब्यात आलेले सोबती मात्र आपलं रूप सोडत नाहीत.

हे मला शिकवलं ते चोवीस कपांनी. बहिणीच्या नव्या घरासाठी करत होते. ग्लेझ कालवायला बसले आणि तांबडा डबा रिकामा निघाला. दुसऱ्या दिवशी भट्टी लावायची होती. गल्लीच्या टोकाला बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे रेड ऑक्साइड मिळत होतं. आमच्या आजोळी माजघरापासून पडवीपर्यंत त्याच्याच लाल कोब्याची जमीन होती. आजी ती खोबरेल लावून पुसायची, आणि उन्हाळ्यात दुपारी त्या गारव्यावर आम्ही पोटावर पडून पत्ते खेळायचो. त्या रंगावर माझा विश्वास होता. अर्धा किलो आणलं, तोललं, गाळलं, कप बुडवले.

भट्टी उघडली तेव्हा कप काळे नव्हते. शेवाळलेल्या पाण्यासारखे हिरवट तपकिरी होते, आरपार दिसणारे, आणि ग्लेझ खाली ओघळून सोळा कप फळीला चिकटले होते. छिन्नीने सोडवताना त्यातले अकरा फुटले. बहिणीला मी काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण ती संध्याकाळ आठवते. मी त्या उरलेल्या पुडीकडे बघत बसले होते आणि स्वयंपाकघरातून लिंबू आणून पिळावं असं का सुचलं कोण जाणे. पिळलं, आणि पूड फसफसली.

लोखंडाचं ऑक्साइड लिंबाने फसफसत नाही. खडू फसफसतो. दुसऱ्या दिवशी 10 ग्रॅम पूड वाटीभर व्हिनेगरमध्ये घालून ठेवली, फसफस थांबल्यावर धुऊन, वाळवून तोलली. 6 ग्रॅम उरली. म्हणजे मी दहाऐवजी सहाच भाग लोखंड घातलं होतं, आणि वर चार भाग खडू. व्हायटिंग म्हणजेच खडू. ते ग्लेझ वितळवतं. रंग कमी आणि पातळपणा जास्त, असं दोन्हीकडून झालं होतं. दुकानदाराचा यात दोष नाही. ती पूड कोब्यासाठी होती, आणि सिमेंटमध्ये खडूने काही बिघडत नाही. जमिनीसाठी पुरेसा असलेला रंग आगीला पुरत नाही, एवढंच. तेव्हापासून नवं पोतं आलं की माझ्याकडे तीन गोष्टी होतात: लिंबाचा थेंब, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक चाचणीची टाइल. शिकायला येणाऱ्या मुलींना हे क्रम पाठ असतात.

कारखान्यात तांबडं ऑक्साइड करायची एक जुनी रीत हिराकसापासूनची, म्हणजे लोखंड आणि गंधक असलेल्या हिरवट खड्यांपासूनची. हा हिराकस आपल्या लोकांना चांगला माहीत होता: हिरड्याच्या काढ्यात तो घातला की पोथ्यांची काळी शाई व्हायची. तोच हिराकस भाजला तर गंधकाचे जहाल धूर निघून जातात आणि मागे तांबडी पूड उरते. (हे घरी करू नये.) भाजण्याची आच वाढवावी तसे कण मोठे होत जातात आणि रंग नारिंगीकडून जांभळटाकडे सरकतो. सराफ दागिन्यांना शेवटची झिलई द्यायला वापरतात ती लाल पूडही हेच लोखंड. या बनवलेल्या ऑक्साइडमध्ये सोबती फार थोडे. म्हणून काळ्या ग्लेझसाठी, जिथे लोखंड भरपूर लागतं आणि निकाल दर वेळी तोच हवा असतो, तिथे मी डोळे मिटून ते घेते.

गेरूचं तसं नाही. गेरू म्हणजे लोखंडाने रंगलेली माती. कोकणात आणि गोव्यात तिलाच काव म्हणतात, आणि देवळांच्या, जुन्या घरांच्या भिंतींवर ताज्या चुन्याच्या गिलाव्यात ती भरून, वरचा थर कोरून केलेली नक्षी म्हणजे कावी. त्या मातीत लोखंड किती, वाळू किती, टायटॅनियम किती, हे खाणीखाणीला बदलतं. पुण्याच्या कुंभारवाड्यात एक आजोबा होते, पणत्यांना आणि माठांना भाजण्याआधी गेरूचा हात द्यायचे. मी त्यांच्याकडे माझी पुडी घेऊन गेले होते. त्यांनी ती चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळली, कानाजवळ नेली, पुन्हा चोळली. मग म्हणाले, "ताई, हिच्यात रेती हाय. कराकरा वाजतीया. पाण्यात टाकून रातभर ठिवा, सकाळी वरचंवरचं गाळून घ्या. खालचं झाडाला घाला." मी तसं केलं. तळाला खरंच बोटभर वाळू होती. वरचं गाळून वाळवलेलं पीठ इतकं मऊ होतं की कुंकवाच्या करंड्यात शोभलं असतं.

हा गेरू मी काळ्या कपांना वापरत नाही, कारण दहा भाग लोखंडासाठी त्याची माती फार घालावी लागते आणि ग्लेझचा तोल जातो. त्याचं खरं काम सेलाडॉनमध्ये आहे. सेलाडॉन म्हणजे तो फिका हिरवा-निळा, पाण्याच्या खोलीसारखा रंग. चीनमध्ये सुंग राजवटीत, चेज्यांग प्रांतातल्या लाँगच्वानच्या भट्ट्यांनी आणि हनान प्रांतातल्या रू भट्टीने तो अशा टोकाला नेला की मला त्यापुढचं काही सुचत नाही. त्या सगळ्या रंगाला लोखंड लागतं शंभरात एखादा भाग. जास्तीत जास्त दोन. काळ्या कपात दहा भाग, हिरव्या वाडग्यात एक.

एवढं थोडं लोखंड असलं की सोबत्यांचा आवाज ऐकू येतो. मी पुन्हा त्याच पायावर दोन वाट्या केल्या. एकीत शुद्ध तांबडं 1 भाग, दुसरीत तेवढंच लोखंड येईल असा अंदाज बांधून गेरू 3 भाग. भट्टी तीच, फळी तीच, शेजारीशेजारी. पहिलीत निळसर रंग आला, पहाटे उजाडायच्या आधीच्या आभाळासारखा. दुसरी हिरवी आली, कच्च्या आवळ्याच्या अंगाने जाणारी. लोखंड दोन्हीकडे एकच. फरक गेरूबरोबर आलेल्या टायटॅनियमचा. त्याचा एक छोटा अंश लोखंडाचा निळा रंग हिरव्याकडे, पिवळ्याकडे ओढतो. याच कारणाने सेलाडॉनसाठी चायना क्लेही टायटॅनियम कमी असलेली शोधावी लागते, आणि बॉल क्ले ही साधी चिकणमाती घातली की निळा हाती लागत नाही. निळा श्रेष्ठ असं पुस्तकांतून पुष्कळ वाचलं. मला तो आवळा जास्त आवडतो. त्यात ताकही शोभतं आणि आमटीही.

आगीविषयी अजून काही बोलले नाही, आणि खरं तर सगळं तिच्यापाशीच येतं. गॅसच्या भट्टीत ज्योतीला हवा कमी पडली की ती कुठून तरी ऑक्सिजन मिळवते. ग्लेझमधल्या तांबड्या लोखंडातून तो हिसकावून घेते, आणि लोखंड फेरस होतं. या दोन रूपांत नुसत्या रंगाचा फरक नाही. तांबडं लोखंड एकटं वितळायला 1500 अंशांच्याही पुढे जावं लागतं. फेरस लोखंड सिलिकाला भेटलं की 1200 अंशांच्या आसपासच दोघंही पाणी होतात. म्हणजे जे लोखंड विजेच्या भट्टीत ग्लेझला थोपवून धरतं तेच गॅसच्या भट्टीत त्याला वाहवतं. चाचणीची टाइल विजेच्या भट्टीत करून मग चाळीस भांडी गॅसवर लावणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या फळ्या मी पाहिल्या आहेत.

आणि गंमत अशी, की पुरेशी आच मिळाली तर लोखंड हवा भरपूर असतानाही स्वतःहून ऑक्सिजन सोडतं. ग्लेझमध्ये हे साधारण 1230 अंशांच्या पुढे सुरू होतं. वितळलेल्या जाड थरातून बुडबुडे वर येतात, येताना लोखंडाने दाटलेला द्रव पृष्ठभागावर आणतात, फुटतात, आणि जिथे फुटले तिथे चंदेरी किंवा तपकिरी ठिपका राहतो. काळ्या पाण्यावर तेलाचे थेंब दिसावेत तसा. आणखी तापलं की ते ठिपके खाली ओघळतात आणि सशाच्या केसांसारख्या रेघा होतात.

चीनच्या फूच्येन प्रांतात ज्येन नावाच्या भट्ट्या होत्या. डोंगराच्या उतारावर चढत जाणाऱ्या, शंभर मीटरपेक्षा लांब. तिथली मातीच लोखंडाने गच्च भरलेली, त्यामुळे वाडगा आतून-बाहेरून गडद. सुंग काळात चहाची पूड गरम पाण्यात फेटून प्यायची रीत होती. वर पांढरा फेस यायचा, आणि तो उठून दिसायला काळा वाडगा हवा. सम्राट ह्वेइत्सुंगने चहावर एक ग्रंथच लिहिला आणि त्यात काळ्या, सशाच्या केसांच्या वाडग्यांना पसंती दिली. जपानी बौद्ध भिक्षूंनी हे वाडगे थ्यानमू डोंगरावरच्या मठांतून मायदेशी नेले. त्या डोंगराच्या नावाचा जपानी उच्चार तेनमोकू, तोच आज आम्ही सगळे काळ्या लोखंडी ग्लेझला वापरतो. ठिपक्यांभोवती निळं तेज असलेले असे तीन वाडगे जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहेत: एक सेइकादो संग्रहात, एक ओसाकाच्या फुजिता संग्रहालयात, एक क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारातल्या र्योको-इनमध्ये.

2014 साली शास्त्रज्ञांनी ज्येनच्या काही तुकड्यांचा वरचा थर तपासला तेव्हा त्यांना लोखंडाच्या ऑक्साइडचं एक फार दुर्मीळ रूप त्यात सापडलं. त्याला एप्सिलॉन म्हणतात. तांबड्याइतकाच ऑक्सिजन, पण अणूंची मांडणी निराळी आणि चुंबकत्व सहजी न पुसणारं. आजच्या प्रयोगशाळांत ते शुद्ध आणि मोठ्या स्फटिकांत बनवणं अवघड जातं. सुंग काळातल्या कुंभाराने ते लाकडाच्या जाळावर केलं होतं. हे वाचल्यावर मी दोन दिवस माझ्या तीन डब्यांकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. लोखंडाचा असा एक प्रकार आहे की जो कुठल्याच डब्यात भरून येत नाही, वाडग्यातच जन्मतो.

इतक्या दूर जायचंही कारण नाही. पुण्यातल्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे संस्कृतीची भांडी आहेत. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे, तिथे 1950-51 मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. नंतर घोड नदीकाठच्या इनामगावला तीच भांडी अमाप सापडली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तांबड्या अंगावर काळी नक्षी, लांब तोटी, आणि टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत नाद. विदर्भात माहुरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांतली भांडी आणखी वेगळी: आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. एकच माती, एकच भाजणं. ज्या बाजूला हवा लागली ती तांबडी, जी राखेत, पाल्यात दबली ती काळी. ग्लेझ नाही, डबे नाहीत, तोलकाटा नाही. त्या काचेच्या कपाटापुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या तीन रेघांची टाइल मला आठवली, आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

आमच्या घरी लोणच्याची एक बरणी आहे, आजीची. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पिवळट पांढरी, सगळ्यांच्या घरी असते तशीच. तपकिरी भाग लोखंडाचा. काठाजवळ, जिथे झाकणाचं कापड बांधायचं त्या कंगोऱ्यावर, ग्लेझ पातळ झालं आहे आणि तिथे गंजाची सोनेरी कड उमटली आहे. भट्टी निवताना पातळ थरातलं लोखंड पुन्हा हवा घेतं आणि तांबड्याकडे परततं, त्याची ती कड. लहानपणी लोणचं काढताना मी तिच्यावरून बोट फिरवायची. आता माझ्या प्रत्येक कपाच्या काठावर मी तीच शोधते. ती नसेल तर कप कितीही काळा असो, मला रुचत नाही.

या मे महिन्यात रत्नागिरीला मामाकडे गेले होते. त्याने विहीर आणखी खोल घेतली आहे. जांभ्याच्या चुऱ्याचा ढीग काठावर पडला होता. पिशवीभर घेऊन आले. खलात कुटला, पाण्यात रात्रभर ठेवला, वरचंवरचं गाळलं, वाळवला. लिंबाला तो गप्प राहिला. लोहचुंबकालाही. तव्यावर पिवळट होता तेवढा तांबडा झाला. जांभ्यात लोखंडाबरोबर ॲल्युमिना भरपूर, जे एरवी चायना क्लेतून येतं, म्हणून पायातून चायना क्ले वगळली आणि चुरा 15, 25 आणि 35 अशा तीन वाट्या केल्या. टाइली काल भट्टीत गेल्या. आज दुपारी भट्टी 300 अंशांवर आहे. परवा सकाळच्या आधी ती उघडायची नाही, असं मी स्वतःला आणि मुलींना बजावलं आहे. फळीवर चौथ्या डब्याला जागा केली आहे. त्याच्यावर चिठ्ठी लावायची म्हणून बसले, तर टक्केवारी माहीत नाही, शास्त्रीय नाव एक नाही. शेवटी लिहिलं: मामाची विहीर, बावीस हात.